बोथट

खोटं बोलत असेन तर माझ्या तोंडात उरलेली एकुलती एक दाढही आत्ताच्या आत्ता गळून पडो. पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे, आणि ज्याला पटत नसेल त्यानं कान झाकून बसावं.

धार लावणारे दोन भाऊ होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. दुकान कसलं, दोन माणसं आणि एक दगडी चाक मावेल एवढी फट. एकानं हँडल फिरवायचं, दुसऱ्यानं पातं धरायचं, हात भरून आले की अदलाबदल. पण धार अशी, की शिंप्यानं कापड कापलं तर कापडाला ते दुसऱ्या दिवशी कळायचं. एकदा न्हाव्याचा वस्तरा चुकून भिंतीवरच्या सावलीला लागला, तर सावलीची दाढी उतरली. बघणारे होते, उगाच नाही सांगत.

त्यांची एक रीत होती. एकानं धार लावली की दुसऱ्यानं पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचं. घसरलं तर धार नाही, रुतलं तर आहे. पातं रुतायचंच. तरी बघणारा तोंड वाकडं करून म्हणायचा, “बोथट!”

“बोथट तुझी अक्कल!” दुसरा उसळायचा.

“अक्कल बोथट असती तर तुझ्यासारख्याला भागीदार केलं असतं का?”

“असती तर नाही, होती म्हणूनच केलंस!”

मग वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात. नवं गिऱ्हाईक घाबरायचं, जुनं हसायचं. या दोघांत ‘बोथट’ म्हणजे ‘झालं काम, देऊन टाक’. जन्मात एकानं दुसऱ्याच्या धारेला बरं म्हटलं नव्हतं. धाकट्याला वाटायचं, आपण मेलो तरी दादा तिरडीशी येऊन काहीतरी खोट काढेलच. या विचारानं त्याला बरं वाटायचं.

मग थोरल्याचं जेवण तुटलं. डोळे पिवळे पडले, पाठ अशी ठणकायला लागली की माणूस खुर्चीत पुढं वाकून रात्र काढायचा. तपासण्या झाल्या. पोटाच्या मागं, स्वादुपिंडात गाठ होती. कॅन्सर.

डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला आणि वहिनीला आत बोलावलं. कागदावर चित्र काढून समजावलं. “ही गाठ नसांच्या कडेकडेनं पसरते. रक्ताच्या नसा नव्हेत, मेंदूचे निरोप नेणाऱ्या. इथं मागं त्यांची जुडी आहे, तिच्यात ती शिरलीय, म्हणून पाठ दुखते. कापून काढण्याच्या पलीकडे गेलीय. आणि आता असंही दिसायला लागलंय की नसा नुसत्या वाट देत नाहीत, गाठीला खतपाणी घालतात. ताण आला की त्यांच्यातून जे पाझरतं, त्यावर ती पोसते.”

बाई पुढं बरंच बोलल्या. पण धाकट्याच्या कानात ‘ताण’ अडकला तो अडकलाच.

बाहेर आल्यावर वहिनीनं डोळे पुसले आणि म्हणाली, “भाऊजी, आजपासून त्यांच्याशी वाकड्यात शिरायचं नाही. एक शब्द चढा नको. तुम्ही भांडलात की ती मेली गाठ जेवते.”

“नाही भांडणार, वहिनी.”

“आणि ते बोथट-फोथट बंद.”

“बंद.”

थोरल्याला सांगितलं, पित्ताचा त्रास आहे, औषधानं जाईल. तो दुकानात येतच राहिला. एक दिवस शिंप्याची मोठी कात्री आली. थोरल्यानं हट्टानं पातं धरलं, धाकटा हँडल फिरवत होता. थोरल्याचे हात थरथरत होते. पातं दगडावर जास्त दाबलं गेलं, पाणी शिंपडायचं राहिलं, आणि कडेला निळा डाग चढला. पोलादाचं पाणी उतरलं, तापून पातं मऊ पडलं. धाकट्याला दिसत होतं. एरवी त्यानं आख्खी गल्ली गोळा केली असती. तो गप्प फिरवत राहिला.

थोरल्यानं कात्री पुढं केली. धाकट्यानं नखावर टेकवली. ओल्या साबणासारखी घसरली.

“छान झालीय, दादा.”

चाक आपसूक फिरत फिरत थांबलं.

“काय म्हणालास?”

“छान झालीय म्हटलं.”

 थोरल्यानं एप्रन सोडला, नीट घडी करून खुंटीला लावला. जन्मात कधी घडी केली नव्हती. “इतकं वाईट आहे होय,” एवढंच म्हणाला आणि घरी गेला.

त्यानंतर त्यानं भिंतीकडे तोंड केलं. वहिनी गोड बोलायची, धाकटा त्याहून गोड. चहा हवा का दादा, उशी देऊ का दादा.  सगळं घर कसं गुळाच्या ढेपेत बुडाल्यासारखं झालं होतं. धाकटा दुकानात एकटाच स्वतःची धार स्वतःच्या नखावर बघायचा आणि कुणीच काही बोलत नाही म्हणून तसाच उभा राहायचा.

गाठ काही थांबली नाही. दुखणं इतकं वाढलं की थोरला उशीचा कोपरा दातात धरायचा. धाकटा डॉक्टरीणबाईंकडे धावला.

“बाई, आम्ही एक शब्द वावगा बोललो नाही. तरी का वाढतेय?”

“वावगा म्हणजे?”

“तुम्हीच म्हणालात ना, ताण आला की नसा तिला पोसतात. आम्ही भांडण बंद केलं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “अहो, ते उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय. अजून अभ्यास चाललाय.”

“माझा दादा उंदीर नाही.”

“नाही ना? मग भावाशी भांडू नका असं मी म्हटलं का? इतकं बोलले त्यातला एकच शब्द घेऊन गेलात! तुम्ही भांडून ती वाढायची नाही आणि गप्प बसून थांबायची नाही. दुखणं तेवढं कमी करता येईल. पाठीतून सुई घालून त्या नसा बधिर करते. उद्या घेऊन या.”

धाकटा परत येताना रस्त्यात चारचौघांसमोर रडला. गाठीला उपाशी मारायला म्हणून त्यानं दादालाच उपाशी मारलं होतं.

सुई दिली. ठणका बराच उतरला. संध्याकाळी धाकटा ती निळी कात्री घेऊन खोलीत शिरला आणि आदळआपट करत ओरडला, “उठ! शिंपी माझी अब्रू काढतोय आणि तू इथं तंगड्या पसरून लोळतोस!”

“भाऊजी!” वहिनी किंचाळली.

“तुम्ही मध्ये पडू नका, वहिनी. दादा, ही कात्री आहे की चिमटा?”

भिंतीकडचं डोकं हळूहळू वळलं. “छान म्हणाला होतास.”

“खोटं बोललो. साबणासारखी घसरली. आंधळ्यानं पायरीवर घासली असती तरी बरी झाली असती.”

“गाढवा, चाक कोण पळवत होतं? तापणारच. पाणी कोण शिंपडणार होता, तुझा बाप?”

“माझा तोच तुझा!”

थोरला हसला, हसता हसता कळवळला आणि परत हसला. “किती दिवस राहिलेत रे?”

“थोडे.”

“मग आधी सांगायला काय तोंड शिवलं होतं?”

वहिनी दारात उभी राहून रडली, मग आत येऊन दोघांनाही झाडलं. पुढं रोज भांडण. गाठीला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. ती आपल्या चालीनं चालत राहिली. थोरल्याचा आवाज खोल गेला, मग पाणीही गिळवेना.

धाकट्यानं त्या कात्रीचा निळा भाग घासून घासून उडवला, पातं बोटभर अरुंद झालं, पण धार आली. आयुष्यातली सगळ्यात चांगली धार. तो ती घेऊन उशाशी बसला. थोरल्याचा हात उचलवत नव्हता. धाकट्यानंच त्याचा अंगठा धरला आणि पातं नखावर टेकवलं. ते रुतलं.

थोरल्याचे ओठ हलले. “बोथट,” तो म्हणाला. उजाडायच्या आत गेला.

झालं. सावलीची दाढी खरी, दुसऱ्या दिवशी कळणारं कापड खरं. फक्त तो शेवटचा ‘बोथट’ तेवढा खोटा. धाकटा सगळ्यांना तसाच सांगतो, म्हणून मीही तसाच सांगते. पण वहिनी तिथंच होती, तिनं ऐकलं.

थोरला ‘छान’ म्हणाला होता.