उष्टावणाचा मान

"पोरीला पावसाळी हवेत न्हाऊ घातलीस, वर अंग पण नीट पुसलं नाय. सांगून सांगून माझं तोंड दुखलं गो!"

पेणच्या बालरुग्णालयाच्या व्हरांड्यात धोंडुबाई सुनेला बोलत होत्या. नम्रता भिंतीला टेकून निमूट ऐकत होती. आत, काचेपलीकडे, तिची सात महिन्यांची सुरभी श्वासाच्या यंत्रावर होती. बाकाच्या टोकाला चहाचा थर्मास मांडीवर घेऊन नम्रताचा भाऊ सुजय बसला होता. ताप कुठून आला ते त्याला पक्के ठाऊक होते. त्यानेच आणला होता.

सुजय रोह्याला एका कंपनीत बॉयलरवर होता. त्याच्या शिफ्टमधले निम्मे लोक खोकत होते, त्यालाही कणकण होती. पण जोह्याला, नम्रताच्या सासरी, भाचीचे उष्टावण. पहिली खीर मामाच्याच मांडीवर बसून, मामाच्याच हातची चाटायची, आणि नम्रताला भाऊ एकच. तोच आला नाही तर सासरी तिची मान खाली. म्हणून स्वारीने तापाची गोळी घेतली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि एसटी पकडली. अंगठीने खीर चाटवली, फोटो काढले, निघताना भाचीचे मटामट मुकेही घेतले. दोन दिवसांत स्वतः ठणठणीत बरा झाला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तसे तिघेही पुढे झाले.

"फ्लूचा विषाणू आता कमी झालाय," त्या म्हणाल्या. "पण त्याच्याशी लढायला शरीराने जी फौज उठवली, ती थांबत नाहीये. तिच्यामुळेच फुप्फुसांना सूज आहे, पाणी भरतंय."

"म्हंजे तिचंच अंग तिच्यावर उलटलं?" सुजयने विचारले.

"तसंच काहीसं. बहुतेक मुलं आठवड्यात खेळायला लागतात. एखाद्याचंच असं होतं, आणि कोणाचं होईल ते आधी सांगता येत नाही. उद्यापर्यंत सूज उतरली तर बरं."

सुजयला एकदम हलके वाटले. म्हणजे आपण नुसता साधा ताप दिला, पुढचे सगळे तिच्या शरीराने केले! मग त्याला स्वतःचीच शिसारी आली. एवढ्याशा लेकरावर ढकलायला निघाला होता तो.

धोंडुबाई पुन्हा सुरू व्हायच्या आत त्याने बहिणीला जिन्यापाशी नेले.

"नमू, त्या दिवशी ताप मला होता."

"ठाव हाय."

"तुला कसं ठाव?"

"पोरगी तुझ्याकडं देताना हात लागला ना तुझा. तापलेला," ती म्हणाली. "पण माणसं जमलेली, पाट मांडलेला. दुसरा मामा कुठनं आणू? म्हटलं, एवढ्यानं काय होतंय."

"मग सासूचं कशाला ऐकून घेतंस? मी सांगतो त्यांना."

"नको दादा. त्या बोलतात तर जरा बरं वाटतं. कोणीतरी बोलाया पायजे ना मला."

ती तिथेच पायरीशी उभी राहिली. सुजय बाकाकडे परतला तेव्हा धोंडुबाईंनी डबा उघडला होता.

"बसा मामा. शिफ्ट करून तसेच आलाव. दोन घास खावा."

हे मानाचे बोलणे त्याला सहन झाले नाही.

"मावशी, पोरीला ताप मी दिला. गोळी खाऊन आलेलो उष्टावणाला. नमूला यातलं कायपण ठाव नव्हतं."

धोंडुबाईंनी आता चार लोकांत आपले वाभाडे काढावेत, असे सुजयला मनापासून वाटत होते. पण त्या डबा बंद करून गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, जिन्याकडे गेल्या आणि सुनेला त्यांनी जवळ घेतले.

"मी उगाच बोलले गो माझे बाय. तुझा काय गुन्हा नाय यात."

नम्रता ताठ उभी राहिली. सासूच्या खांद्यावरून तिने भावाकडे पाहिले. इतका राग सुजयने तिच्या डोळ्यांत कधी पाहिला नव्हता. सासूचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता, पुन्हा पुन्हा, आणि तो तिला सोसवत नव्हता.