तळ्याची खबर

आमच्या घरापासून तळं हाकेच्या अंतरावर आहे. ह्यांनी उभं आयुष्य त्या तळ्यावर लिहिण्यात घालवलं आणि मी पडदे शिवण्यात. दर रविवारी पेपरात ह्यांचं सदर यायचं आणि त्यात तळं कधीच तळं नसायचं. ते सरोवर असायचं, नाहीतर जलाशय, आणि अधूनमधून निसर्गाचा आरसा. मी हॉटेलांचे आणि दवाखान्यांचे पडदे शिवते. पडद्याला मी पडदाच म्हणते. दुसरं काही म्हटलं तर गिऱ्हाईक मापं न देताच निघून जाईल.

मग हे न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी हाड छान बसल्याचं सांगितलं, आणि घरी येऊन हे मागच्या खोलीतल्या पलंगावर आडवे झाले. पलंगाशेजारी नवी कोरी काठी उभी करून ठेवली होती. ती तशीच कोरी राहिली.

सदर मात्र थांबायला तयार नव्हतं. ह्यांनी मला रोज सकाळी तळ्यावर पाठवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मी येऊन सांगितलं, की पाणी आहे, आणि कालच्याइतकंच आहे. हे चिडले. वारा कुठून होता, रंग कोणता होता, पक्षी कोणत्या काठाला होते, असे प्रश्न सुरू झाले. मी म्हटलं, रंग राखाडी होता, इस्त्री न केलेल्या अस्तरासारखा. ह्यांनी ते जसंच्या तसं लिहून काढलं. संपादकांचा फोन आला, की आजकाल लेखणीला वेगळीच धार आली आहे. उंटावरून शेळ्या हाकण्याचं असं कौतुक झालेलं मी प्रथमच पाहिलं.

ह्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येत असे. एका दुपारी जाताना तिने मला दाराबाहेर बोलावलं. हाड कधीच जुळलंय, ती म्हणाली, तेच उठत नाहीत. आणखी महिनाभर असेच पडून राहिले तर पायातली ताकद जाईल, आणि मग उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाही. मी आत जाऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"कशाला उठायचं? माझं तळं तू घरी आणतेस की."

म्हणजे घोडं इथे पेंड खात होतं. मी मशीनवर जाऊन बसले, पण सुईत दोरा काही जाईना. ह्यांचे पाय मीच काढून घेतले होते, रोज सकाळी थोडे थोडे. मला फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी तळ्यावर जायला नकार दिला. काडीचा उपयोग झाला नाही. ह्यांच्या डोक्यात चाळीस वर्षांचं तळं साठलेलं होतं, त्यातलं थोडं काढून ह्यांनी मजकूर पूर्ण केला. तेव्हा मी थापा मारायचं ठरवलं. अशी काही तरी अजब खबर आणायची, की माणूस स्वतः उठून बघायला गेला पाहिजे.

मी म्हटलं, आज डोंगराचं प्रतिबिंब पडलंच नाही. हे म्हणाले, झुळूक असणार, पाणी जरासं हललं तरी डोंगर मोडतो. मी म्हटलं, पाण्याला कुजका वास येतोय. हे खूश झाले. थंडी लागली की वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली बसतं, मग तळाचं वर येतं, सगळ्या वर्षाचा गाळ आणि वास घेऊन. तळं कूस बदलतं, असं म्हणून ह्यांनी कागद ओढला. मी म्हटलं, एकही पक्षी नव्हता. ससाणा फिरत असेल, हे म्हणाले. शेवटी मी जिवावर उदार होऊन सांगितलं, की पाऊस नसताना पाणी दोन पायऱ्या वर चढलंय. आता तरी उठतील, असं वाटलं. ह्यांनी डोळे मिटले आणि कोणी रडलं की ज्यांचं पाणी वाढतं, अशा तळ्यांच्या जुन्या गोष्टी सांगायला लागले. नदी जाते, समुद्र बोलावतो, आणि तळं थांबतं, असं एक वाक्यही झालं. थांबतं कसलं, त्याला जायला वाट नाही, मी म्हटलं. ह्यांनी तेही लिहून घेतलं.

पालथ्या घड्यावर पाणी. ज्याच्याकडे सगळ्याचं उत्तर आहे, त्याला घराबाहेर काढणार तरी कसं?

त्याच आठवड्यात पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात पडदे लावून द्यायचे होते. शिडीवर चढून सगळ्या कड्या अडकवल्या, खालची दुमड नीट पडते का ते पाहिलं, आणि काठाकाठाने परत निघाले. दंड भरून आले होते, म्हणून वाटेत ह्यांच्या नेहमीच्या बाकावर टेकले. वारा अजिबात नव्हता. मी उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि घरी ह्यांचं जेवण राहून गेलं होतं.

हे भुकेने कावले असतील असं वाटलं होतं, पण ह्यांनी पहिल्यांदा विचारलं तळ्याचंच. इतका वेळ काय बघत होतीस? मी म्हटलं, काही नाही. वारा कसा होता? आज सांगणार नाही, असं म्हणून मी जेवण गरम करायला गेले. ह्यात डाव वगैरे काही नव्हता. मला खरंच सांगता येत नव्हतं.

ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारून झालं, मग रुसून झालं, मग माझ्या शिलाईची स्तुती करून झाली, जी लग्नानंतर बहुधा पहिलीच असावी. इतकी वर्षं आपल्यापासून लपवलेलं काहीतरी त्या तळ्याने हिला दाखवलं, असं ह्यांनी मनात घेतलं होतं. मी मूग गिळून मशीन चालवत राहिले.

मग एका सकाळी बॉबिन बदलायला मशीन थांबवलं तर मागे काठीचा आवाज आला. हे दाराच्या चौकटीला धरून उभे होते. शर्टाचं एक बटण चुकून वरच्या काजात गेलं होतं.

"माझ्या चपला कुठे ठेवल्यास?"

मी चपला पायाशी ठेवल्या. कोपऱ्यावरच्या भिंतीला टेकून एकदा थांबलो, दुकानाच्या पायरीवर एकदा बसलो. चालायला शिकणाऱ्या पोराच्या मागे चालावं तशी मी हात पुढे धरून मागून चालत होते. ह्यांना घाम फुटला होता, पण परत फिरू असं हे म्हणाले नाहीत. बाकावर बसल्यावर बराच वेळ नुसता दम खात राहिले. तळ्यात विशेष काही नव्हतं. काठाला थोडी वाळकी पानं अडकली होती.

"कुठे?" ह्यांनी विचारलं. "काय दिसलं तुला?"

"तुम्ही दिसला नाहीत," मी म्हटलं.

मग मला थांबता येईना. मी सांगितलं, की त्या दिवशी मी इथेच, ह्या टोकाला बसले होते. तुमची जागा सवयीने मोकळी सोडली होती. पाणी स्वच्छ होतं, डोंगर आख्खा उतरला होता, पक्षी आले, पोहले, उडाले. सगळं तुम्ही लिहिता तसं. आणि तुम्ही नव्हतात, त्याचं ह्या तळ्याला काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

"तुम्ही गेल्यावर हे असंच असणार, ते मी बसून बघितलं. मला नाही आवडलं. आणि हे छापायचं नाही."

मला वाटलं, आता ह्यांच्याकडून वाऱ्याचं, जड पाण्याचं, कुठल्या तरी गोष्टीचं उत्तर येणार. पण ह्यांनी नुसता माझा हात हातात घेतला आणि आम्ही तसेच बसलो.

मग ह्यांनी काठावरची पायवाट जिथे वळते तिकडे पाहिलं.

"त्या वळणापर्यंत किती अंतर असेल?"

"तुमच्या ह्या पायांनी? पुष्कळ आहे."

"उद्या तिथपर्यंत जाऊ," हे म्हणाले, आणि माझ्या आधी उठले.