बाबांच्या कानशीची सुरी

"कोळसा घरात पेटवू नका बरं. बंद खोलीत तर नाहीच नाही," वखारीतल्या काकांनी पिशवीचं तोंड बांधता बांधता सांगितलं होतं. मी "हो हो" म्हटलं. कडेवर पाच महिन्यांची ठमी होती, तिने ओकलेलं दूध माझ्या खांद्यावर वाळत होतं, आणि रात्री तिने चार वेळा उठवलं होतं. मला वाटलं, काका धुराबद्दल बोलताहेत. धूर झालाच तर खिडकी उघडू, त्यात काय एवढं! घरी पोचेपर्यंत मी ते विसरलेही. आईला सांगायचं राहूनच गेलं.

कोळसा आईलाच हवा होता. ती सुरी करत होती.

खरं तर ती आली होती माझ्या मदतीला. कपड्यांच्या कारखान्यात तिने तीस वर्षं कापड बेतलं आणि कापलं. हात रिकामे राहिले की ती आजारी पडते. आणि मी तिला ठमीला धड हात लावू देत नव्हते. मान नीट धर, नखं कापलीस का, पांघरूण नाकावर येतंय बघ. "तुला मी कशी वाढवली असेन गं?" एवढंच एकदा विचारून ती मागच्या खोलीत गेली आणि तिने बाबांची पेटी उघडली.

बाबा फिटर होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पेटीत लोखंड घासायची, दात झिजलेली एक लांब कानस निघाली. चांगल्या कानशीच्या पोलादाची सुरी होते, असं ते नेहमी म्हणायचे. केली मात्र कधीच नाही.

"आई, सुरी बाजारात मिळते."

"पंचवीस मिळतात. तुझ्या बाबांची कानस कुठल्या दुकानात मिळते ते सांग. ठमी आता खायला लागेल. तिचं पहिलं फळ मी याच सुरीने कापणार."

मग काय! मोबाईलवर व्हिडिओ बघून तिने घराला लागूनच असलेल्या गच्चीवर कानस लालभडक तापवली आणि राखेत पुरून हळूहळू निवू दिली, म्हणजे पोलाद मऊ पडतं. कागदावर सुरीचा बेत काढला. "शिलाईला अर्धा इंच सोडू का?" म्हणून स्वतःच हसली. खडूने रेघ मारून हॅक्सॉने कापलं, आणि मग दुसऱ्या कानशीने घासणं सुरू झालं. खर्र, खर्र, थोडी विश्रांती, पुन्हा खर्र. मधेच स्वतःशी पुटपुटणं. त्या आवाजावर ठमी झोपायला शिकली. ती जरा कुरकुरली की मागच्या खोलीतून लगेच हाक यायची, "उठली का गं?" मी "नाही" म्हणायचे, पुन्हा खर्र. दिवसातून दहादा. मला त्याचाही कंटाळा आला होता, खोटं कशाला सांगू?

दहा दिवसांत पातं तयार झालं. राहिलं होतं पाणी द्यायचं. म्हणजे पातं लाल तापवून एकदम बुडवायचं, की ते पुन्हा कडक होतं. "म्हणायचं पाणी आणि बुडवायचं तेलात," आई म्हणाली, "बाबांच्या धंद्यातलं सगळं असंच."

गच्चीवरचा पहिला प्रयत्न फसला. थंड झालेल्या पात्यावर तिने कानस फिरवली तर ती सरळ पोलादात रुतली. कडक पात्यावरून ती घसरायला हवी होती.

"रंग चुकतोय. उन्हात लाल कळतच नाही गं. अंधार हवा."

"मग मागच्या खोलीत कर," मी म्हटलं.

हे मीच म्हटलं. पुढचंही मीच. "आणि दार लावून घे. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

आईने खिडकी बंद करून तिच्यावर घोंगडी टांगली. घमेल्यात विटा रचून कोळसा पेटवला, वारा द्यायला माझा केस वाळवायचा ड्रायर लावला. "आज याला पाणी पाजतेच," असं म्हणून तिने दार ओढून घेतलं. दुपारचे दोन वाजले असतील. मी ठमीच्या शेजारी आडवी झाले. ड्रायर एकसुरात घूं करत होता. आईचं काम चाललंय, म्हणजे मला तासभर कुणी हाक मारणार नाही, एवढाच विचार आला. इतकं बरं वाटलं, की मी मेल्यासारखी झोपले.

ठमीच्या रडण्याने जाग आली. कुरकुर नव्हती, चांगला टाहो होता. मी तिला उचललं, थोपटलं, आणि काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. काय ते कळेना. ड्रायर तर चालू होता.

हाक आली नव्हती. "उठली का गं?" आलंच नव्हतं.

कानस चालवायला माणूस लागतं. ड्रायर आपला आपण चालतो.

दार उघडलं तर धूर जवळजवळ नव्हताच. आई पाटावर बसलेली, डोकं भिंतीला टेकलेलं, हातात चिमटा, गाल चांगले लालबुंद. क्षणभर वाटलं, हिचाही डोळा लागला. मी हाक मारली. हलवलं. मान एका बाजूला कलंडली.

ठमीला जिन्यात शेजारणीच्या हातात जवळजवळ फेकलंच. आईला काखेत धरून फरफटत गच्चीच्या दाराशी आणलं. तोवर माझंही डोकं ठणकायला लागलं होतं. शेजारणीने रुग्णवाहिका बोलावली.

आई वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं. बंद खोलीत कोळशातून जो विषारी वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. काका त्याच्याबद्दल बोलत होते, धुराबद्दल नव्हे.

संध्याकाळी दवाखान्यात तिने नाकावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. "मी त्याला पाणी पाजणार होते, त्यानेच मला पाजलं." आवाज अगदी खोल गेला होता.

"आई, वखारीतल्या काकांनी मला सांगितलं होतं. बंद खोलीत पेटवू नका म्हणून. मी तुला बोललेच नाही."



"झोप झाली का तुझी?" तिने विचारलं.

पात्याचं टोक कोळशात जळून गेलं होतं. महिन्याभराने आईने तेवढं कापून टाकलं आणि उरलेल्याला गच्चीवरच, एका मोठ्या खोक्याच्या सावलीत रंग बघून, पाणी दिलं. या वेळी कानस घसरली. मी शेजारी पाण्याची बादली घेऊन बसले होते. सगळं निवल्यावर ठमी आईच्याच मांडीवर गेली, आणि मी मान धर म्हटलं नाही. पातं ठिसूळ राहू नये म्हणून ओव्हनमध्ये वाळल्या गवतासारखं पिवळसर होईपर्यंत शेकलं, लाकडाची मूठ बसवली. बोटाएवढी सुरी झाली. ठमीचं पहिलं फळ आईनेच त्या सुरीने कापलं, थोडं वाकडं. तिचा हात त्या दिवसापासून थरथरतो. ती आता तिच्या घरी असते, एकटी. फोनवर मागे कधी मिक्सर ऐकू येतो, कधी नळ. मी आवाजावर विसंबत नाही. "आई, काहीतरी बोल," म्हणते. ती चिडते.

तुमच्याही घरात आत्ता बंद दाराआड काहीतरी चालू असेल. टीव्ही, गीझर, एखादं यंत्र. हे वाचणं जरा बाजूला ठेवा. उठा, दार उघडा, आतल्या माणसाला हाक मारा. आणि उत्तर ऐकू येईपर्यंत तिथून हलू नका.