विमानाचा सिनेमा

बापलेकांना एका सोफ्यावर बसवायचं म्हणजे कुसुमला सर्कसच करावी लागायची. दीड वर्ष झालं, हिंदुराव समर्थशी एक अक्षर बोलले नव्हते. पोरगा विमानाचं ट्रेनिंग अर्धवट सोडून घरी आला, "आई, वर गेलं की जीव घाबरा होतो गं," म्हणाला, तेव्हापासून हे सुरू. हिंदुरावांनी वायुदलात जन्मभर दुसऱ्यांच्या विमानांची इंजिनं दुरुस्त केली. पोरगा वैमानिक होणार म्हणून त्यांनी सगळ्या खडकीत पेढे वाटले होते. मग काय, नाक कापलं गेलं म्हणे! एवढंसं नाक, त्याचा केवढा तो तोरा!

आता समर्थ उद्या नोकरीसाठी जर्मनीला निघाला होता. जाण्याआधी बापानं एक शब्द बोलावा, एवढंच कुसुमचं मागणं. म्हणून तिनं मंडईतून मटार आणून करंज्या तळल्या आणि टीव्हीवर तो जुना सिनेमा लावला, वैमानिक बाप आणि वैमानिक मुलाचा. समर्थ लहान असताना दोघं एका पांघरुणात बसून तो बघायचे. तिला वाटलं, विरघळतील.

सुरुवातीला बरं चाललं होतं. हिंदुरावांनी पोराकडे न बघताच करंज्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली. कुसुमला रडूच आलं.

मग शेवट आला. मुलाचं विमान कोसळतं, तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी येते, बाप ताठ उभा राहून सॅल्यूट करतो. हिंदुराव दर वेळी उठायचे तसे उठले. गुडघा दुखत होता, तरी टाचा जुळवल्या, हात कपाळाशी नेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पूर्वी समर्थही शेजारी उभा राहायचा. आज तो बसून राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "मी असा मेलो असतो, तर माझ्यासाठीही उभे राहिला असता ना?"

"काय अभद्र बोलतोस रे!" कुसुम ओरडली. "अहो, सांगा ना त्याला काहीतरी!"

हिंदुरावांनी हात खाली घेतला. पोराकडे नीट बघितलं.

"हो," ते म्हणाले. "अभिमानानं."

समर्थ उठला. आत गेला, बॅगेची चेन ओढली. "आई, मी आजच मुंबईला निघतो," म्हणाला आणि जिना उतरू लागला.

कुसुम नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बोललात एकदाचे," ती म्हणाली. "आता माझ्याशीही बोलू नका."

आणि पायांत चपला सरकवून ती पोराच्या मागे गेली.