अर्ध्यावर सोडलेली भिंत

रंगाऱ्याचा एकच हट्ट होता. भिंत सुरू केली की संपेपर्यंत रोलर खाली ठेवायचा नाही. मध्ये थांबलं की आधीचा रंग वाळतो, नवा त्यावर चढतो आणि जोड दिसतो. जोड दिसला की याच्या डोक्यात तिडीक गेलीच म्हणून समजा. हाताखाली काम करणारा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, या जोडापायी वर्षानुवर्षं बोलणी खात आला होता. त्या मेहुण्याचं तोंड दिवसभर चालू, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणायचे.

रंगाऱ्याची बोटं संधिवाताने सुजलेली. सकाळी मूठ वळायची नाही. डॉक्टरांनी दिलेल्या रोजच्या गोळ्या त्याने केव्हाच सोडल्या होत्या. ठणका लागला की दुकानातली वेदनाशामक गोळी गिळायची आणि कामाला लागायचं. दुखायचं थांबलं, विषय संपला!

त्या दिवशी एका बाईंच्या दिवाणखान्यातली मोठी भिंत चालली होती. निम्मी झाली आणि त्याचा डावा खांदा भरून आला. "संधिवात, दुसरं काय," तो पुटपुटला. मग छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं झालं, सदरा घामाने चिंब झाला. शहाण्या माणसाने खाली बसावं की नाही? पण छे! भिंत अर्धी होती ना.

शिडीखाली बडबडणारा रेडिओ एकदम गप्प झाला. "दाजी, खाली या."

"एवढी संपवतो. जोड दिसेल."

"दिसू दे! खड्ड्यात गेली ती भिंत!" रेडिओने जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातातला रोलर हिसकावून घेतला. "उद्या ताईला काय तोंड दाखवू मी?"

त्याने दाजींना कमरेला धरून उतरवलं. बाईंनी गाडी काढली.

हृदयाची एक रक्तवाहिनी बंद पडली होती. ती उघडून आत स्टेंट बसवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या.

"माझं कोलेस्टेरॉल तर बरं होतं," रंगारी कुरकुरला.

"होतं. पण काका, बोटांची सूज बोटांपुरती नसते. शरीरभर दाह चालू राहतो, हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही आतून सूज येते. तिथे साचलेला चरबीचा थर त्या सुजेने कमजोर होतो आणि फुटतो. त्यावर रक्ताची गुठळी धरते. तुम्ही दुखणं थांबवलंत, सूज तशीच राहिली."

रंगाऱ्याने आपली सुजलेली बोटं उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे मी भिंतीतली ओल तशीच ठेवून वरून रंग मारत होतो." दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याने त्याची सालटी काढली असती!

बाहेर रेडिओ नर्सला सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगत होता. एरवी त्या आवाजाने रंगाऱ्याचं डोकं उठायचं. आज तो डोळे मिटून ऐकत राहिला. हा आवाज ऐकायला आपण आहोत, एवढंच त्याला पुरेसं होतं.

पुढे डॉक्टरांनी हिंडाफिरायला परवानगी दिली, तसा तो त्या घरी गेला. रोजच्या गोळ्यांची डबी खिशात होती. बाईंनी भिंत तशीच ठेवली होती. मधोमध उभी, वेडीवाकडी कड. रेडिओ कानकोंडा झाला. "दाजी, पॉलिश पेपर मारून सारखं करतो. बघू नका तिकडे."

रंगाऱ्याने त्या कडेवरून सुजरी बोटं फिरवली. "एवढा चांगला जोड मी जन्मात पाहिला नाही," तो म्हणाला. "तू होतास म्हणून मी आहे रे."

 नाक पुसत रेडिओने कड घासली आणि रोलर उचलला. रंगारी डब्यावर बसून बघत होता. निम्मी भिंत झाली. रेडिओच्या कपाळावर घाम दिसला.

"ठेव तो रोलर," रंगारी म्हणाला.

"अहो, भिंत अर्धी आहे. जोड दिसेल!"

"दिसू दे. दम खा जरा."

आणि अर्धी भिंत तशीच टाकून दोघं चहा प्यायला गेले.