बोटभर बाहेर

मित्रांनो, मी एक जुनी धमनी आहे, डाव्या पायाची. घोट्यावरून उतरून पावलाच्या वरच्या अंगाने मी बोटांकडे जाते. माझे वय सदुसष्ट. हृदयाकडून आलेले रक्त बोटांपर्यंत पोचवायचे, एवढेच माझे काम. एकदा एका डॉक्टरांनी मी नाहीच असे ठरवले होते. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते, मी आहे.

आमच्या मालकांचे नाव जयसिंगराव. त्यांचे खापरपणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. जयसिंगराव स्वतः इंदूरला पलासियाच्या चौकात ट्रॅफिक हवालदार होते. "घोडा गेला, शिट्टी राहिली," असे ते हसून म्हणत. एकतीस वर्षे ते जाड बुटांत, तापलेल्या डांबरावर उभे राहिले. त्यांच्या शिट्टीचे कौतुक झाले. माझे कोणी केले नाही. मला त्याची गरजही नव्हती.

माझ्या अगदी लागून एक मज्जातंतू होता. आम्ही जन्मापासूनचे शेजारी. मी रक्त खाली न्यायचे आणि तो खबर वर न्यायचा: बूट चावतो, खडा टोचला, चटका बसला. मग मालकांना शुगर झाली. "मला काय होतंय भिया!" असे इंदुरी थाटात म्हणत ते रोज सकाळी पोहे-जलेबी खात राहिले. आधी तळव्यातले तंतू गप्प झाले. मग माझ्या शेजाऱ्याला मुंग्या आल्या, त्याची आग झाली आणि शेवटी तोही थंड पडला. माझ्या भिंती कडक झाल्या, वाट अरुंद झाली. पण मी थांबले नाही.

त्यांच्या पत्नी उषाबाई यांना दवाखान्यात मला शोधायला शिकवले होते. पायावर दोन बोटे ठेवायची आणि ठोका बघायचा. सांगितलेल्या जागी मी काही सापडेना, कारण मी जन्मापासून बोटभर बाहेर, करंगळीच्या बाजूला आहे. तीन दिवस त्या रोज सकाळी शोधत होत्या. चौथ्या दिवशी सापडले, तेव्हा त्यांनी बॉलपेनने तिथे निळा ठिपका काढला. पुढे ठिपक्याची गरज लागली नाही. नऊ वर्षे रोज सकाळी चहाआधी त्या तळवा बघायच्या, मग दोन बोटे टेकवून म्हणायच्या, "चालू आहे."

अनवाणी चालायला त्यांची सक्त मनाई होती. देवळातसुद्धा जयसिंगराव मोजे घालून जात. बायका हसायच्या, "उषाताई, देवासमोर तरी काढू द्या ना!"

"देवाला यांचे पाय नकोत. मला हवेत," त्या म्हणायच्या.

गेल्या मे महिन्यात उषाबाई गेल्या.

घरात मुलगी एकच, ऋजुता. म्हणून क्रियाकर्म जयसिंगरावांनी स्वतः केले. तेरा दिवस पायात काही घालायचे नसते. मुक्तिधामाच्या, म्हणजे स्मशानाच्या, दारात उषाबाईंच्या भावाने, विष्णूने, चपला पुढे केल्या. "दाजी, पहन लो. फरशी तापली आहे. ताई रागावली असती."

"रागवायला आहे का आता ती?" जयसिंगराव म्हणाले आणि उन्हात चालू लागले.

त्या दिवशी तळवा भाजला. खबर द्यायला कोणी उरले नव्हते. मी खालून येणारी ऊब ओळखत होते, पण मला बोलता येत नाही. मला फक्त वाहता येते. करंगळीखाली मोठा फोड आला, फुटला, चिघळला. तळवा बघणारीच गेली होती, म्हणून कोणी पाहिला नाही.

तेराव्याच्या दिवशी ऋजुता म्हणाली, "बाबा, फरशीवर ही ओली पावलं कसली? आत्ताच तर पोछा मारला."

ते पाणी नव्हते.

रुग्णालयात रजत नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी करंगळी पाहिली. ती काळी पडली होती. मग त्यांनी पायावर बोटे ठेवली, पुस्तकात लिहिलेल्या जागी. थोडे थांबले आणि उठले. "अंकलजी, यहाँ तो पल्स ही नहीं है. खून नीचे नहीं आ रहा. शायद घुटने के नीचे से काटना पड़े."

ऋजुताने तोंडावर हात धरला. मी जीव तोडून ठोके देत होते. आहे, आहे, आहे. त्यांच्या बोटापासून बोटभर लांब.

जयसिंगराव इतके दिवस कोणाशी धड बोलले नव्हते. ते उठून बसले. चौकात गाडी अडवावी तसा त्यांनी डॉक्टरांचा हात धरला.

"डॉक्टरसाब, जगह गलत है. मेरी मिसेस इधर पकड़ती थी." आणि त्यांनी ती बोटे सरकवून माझ्यावर टेकवली. "दबाना मत. टिकाओ. रुको जरा."

डॉक्टर थांबले. "अरे... है! है तो!" ते म्हणाले. मग त्यांनी एक छोटे यंत्र आणून माझ्यावर धरले. हुश्श, हुश्श, हुश्श. सदुसष्ट वर्षांत मी माझा आवाज पहिल्यांदा ऐकला. माझ्या अंगात ताकद कमी होती, हेही त्यात ऐकू येत होते. पण मी वाहत होते.

"सुना?" जयसिंगराव म्हणाले. "ती रोज सांगायची." आणि मग ते रडले.

करंगळी गेली, ती वाचली नाही. घोट्याच्या वर माझी वाट अडली होती, ती मोठ्या डॉक्टरांनी मोकळी केली. पाय राहिला. आता रोज सकाळी चहाआधी जयसिंगराव दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून तळवा बघतात. मग वाकून दोन बोटे टेकवतात आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने सांगतात, "चालू आहे."

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाला शुगर असेल, तर आजच त्यांचे मोजे काढायला लावा. दुखत नाही असे ते म्हणतील. त्यावर विश्वास ठेवू नका, तळवा स्वतः बघा. मग मला शोधा. सांगितलेल्या जागी सापडले नाही, तर बोटभर सरकून बघा. पण लगेच उठून जाऊ नका.