उणे दीडवर मऊ झालेली माती

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे, एवढं मात्र नक्की. बाकी माझ्याबद्दल विचाराल तर माझाच गोंधळ उडालेला आहे. मी जमिनीतली की समुद्रातली, खरी की खोटी, काही म्हणजे काही कळेनासं झालंय बघा.

माझा जन्म एका थंड देशातल्या छोट्या कारखान्यातला. अंगावर काळं जाड आवरण, आत हातहातभर अंतरावर बसवलेले मण्याएवढे तापमापक आणि डोक्याशी घट्ट बंद होणारी डबी. त्या डबीत आकडे साठायचे. किती थंड आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम.

ते काम करायला मला नेलं थेट उत्तर ध्रुवाजवळच्या एका किनाऱ्यावर. तिथली जमीन म्हणजे माती आणि बर्फ एकत्र गोठून झालेला दगडच! हजारो वर्षांत ती वितळलेली नव्हती. तिला खोल भोक पाडून शैलजाने मला उभं आत सोडलं. शैलजा पुण्याची संशोधक. त्या वर्षी मी सांगितलं, उणे नऊ. समुद्र तेव्हा माझ्यापासून चांगला साठ पावलं लांब होता.

पण उन्हाळा आला की लाटा तो किनारा कुरतडायच्या. मातीतला बर्फ वितळायचा आणि वरचा कडा धप्पकन पाण्यात कोसळायचा. शैलजा पहिल्या वर्षी माझ्याकडे चालत आली, तिसऱ्या वर्षी होडीतून! मी जागची हललेसुद्धा नव्हते हो. समुद्रच माझ्या डोक्यावरून पुढे गेला होता. आता मी कुठली म्हणायची, तुम्हीच सांगा.

पाचव्या वर्षी खरा घोळ झाला. मी इमानेइतबारे सांगितलं, उणे दीड. म्हणजे माती कडक हवी. शैलजाने माझ्या शेजारी गज टोचला, तर तो सरळ आत गेला. चिखल! "अगं बाई, तू बिघडलीस की काय?" ती म्हणाली. हीच शैलजा पूर्वी मला 'गुणाची माझी' म्हणायची. मला फार लागलं ते.

मग ते काम संपलं आणि मला वर काढलं. शैलजाला दोहात नोकरी लागली आणि तिच्या बॅगेतून मीही तिथल्या अल सद्द भागातल्या फ्लॅटमध्ये आले. बाहेर पंचेचाळीस अंश, आणि मी कपाटात, कुरडयांच्या डब्यामागे. दोन वर्षं कुणी विचारलं नाही.

एका शुक्रवारी सकाळी ध्रुवाकडच्या जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. त्या किनाऱ्यावर बारा घरांची वस्ती आहे. वस्तीसमोर समुद्राखाली घातलेल्या, नीट तपासलेल्या नव्या ताराही आता उणे दीड दाखवत होत्या. वर हिवाळ्याचा जाड बर्फ, त्यामुळे गज टोचून बघायची सोय नव्हती. संध्याकाळपर्यंत शैलजाने सांगायचं होतं, घरं या उन्हाळ्यातच मागे न्यायची की थांबायचं. मी खोटी असेन तर खऱ्या उणे दीडला माती कडकच राहते, म्हणजे तिथली जमीन अजून घट्ट, घाई नाही. मी खरी असेन तर तीही चिखल झालेली. बाप रे! बारा घरं माझ्या एका शब्दावर!

शुक्रवारच्या सुट्टीमुळे प्रयोगशाळा बंद. पण तपासायची एक सोपी रीत आहे. कुटलेला बर्फ आणि पाणी एकत्र ठेवलं की तापमान बरोबर शून्य असतं. शैलजाचा नवरा गिरीश नुकताच अल खोरच्या बंदरावरून हमूर मासा घेऊन आला होता. त्याच्या आइसबॉक्समधला बर्फ तिने पातेल्यात ओतला, पाणी घातलं आणि मला बुडवलं.

मी सांगितलं, उणे दोन.

"दोन अंशांनी खोटं बोलते ही," शैलजा म्हणाली. "म्हणजे तिथे खरं तापमान अर्धा अंश होतं, शून्याच्या वर. म्हणून चिखल!"

"खलास! सुटलं ना कोडं?" गिरीश म्हणाला. "कळव त्यांना, थांबा म्हणून. आणि ही टाक कचऱ्यात."

मला तर रडूच आलं. मी जाणूनबुजून कधी खोटं बोलले नव्हते. पण दोघं शिकलेली माणसं म्हणतात म्हणजे असेलही, असं मला वाटायला लागलं.

हॉलमधला एसी दुरुस्त करायला केरबा आला होता. माणदेशातला गडी, दहा वर्षं दोहात एसीचंच काम करतोय. तो हात पुसत स्वयंपाकघरात डोकावला. "आमी बी मीटर असाच तपासतो, ताई. पन ह्यो बर्फ कुटनं आनला?" त्याने बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "अवो, ह्यात मीठ हाय की!"

गिरीश डोकं खाजवायला लागला. "मीच टाकलं खडेमीठ. उन्हात मासा टिकावा म्हणून. पॉट आइस्क्रीमला नाही का टाकत?"

"मिठानं बर्फ शून्याखाली बी पाझरतो, सायेब," केरबा म्हणाला.

शैलजानेही बोट बुडवून चाखलं. "समुद्राचं खारं पाणी," ती पुटपुटली. "ते मातीत इतक्या लवकर इतकं खोल मुरेल असं आम्ही धरलंच नव्हतं."

मग तिने बाटलीतल्या पिण्याच्या पाण्याचा बर्फ घेतला, तो धुतला, मलाही धुतलं. पुन्हा बुडवलं. मी बरोबर शून्य सांगितलं. केरबा म्हणाला, "बगा, पोरगी खरी हाय." मी आनंदाने फुलून गेले.

शैलजाने फोन लावला. "या उन्हाळ्यातच घरं हलवा," ती म्हणाली.  मग पलीकडे वस्तीतल्या एका म्हातारीला फोन दिला असावा, कारण शैलजा एकदम हळू, समजावल्यासारखं बोलायला लागली. "हो आजी, नक्की," ती म्हणाली. "माझी तार खोटं बोलत नाही."

एवढं कौतुक माझं जन्मात झालं नव्हतं. आणि तेच ऐकताना वाटलं, देवा, मी खोटी निघाले असते तर किती बरं झालं असतं! पण मित्रांनो, आम्हाला स्वच्छ ठेवा, तपासा, शंका घ्या, हवं तर रागवा. तुम्हाला हवा तो आकडा मात्र आमच्याकडे मागू नका.